दाराबाहेर ठेवलेले शब्द

प्रिय पिटुकली,

तू सात वर्षांची होतीस तेव्हाची एक सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. शाळेची घाई, तुझी एक वेणी घातलेली आणि एक सुटी, बाबा नुकतेच ड्यूटीवरून आलेले, आणि टेबलावर तुझा दुधाचा पेला. तू एक घोट घेतलास, तोंड वाकडं केलंस आणि अगदी सराईतासारखी म्हणालीस, "आई, हे दूध सिक आहे. कापून बाजूच्या लाइनला टाक." दूध खरोखरच नासलं होतं, पण मी दुधाकडे पाहिलंच नाही. हे कुठून शिकलीस ते विचारायचीही गरज नव्हती. बिघडलेल्या वॅगनला यार्डात 'सिक' म्हणतात, तिच्यावर खडूने फुली मारतात आणि गाडीतून कापून वेगळ्या रुळावर नेऊन ठेवतात, एवढं मालगाडीच्या ड्रायव्हरच्या बायकोला कळतंच. मी तुला वही आणायला लावली आणि 'मी घरात स्वच्छ भाषा बोलेन' हे वाक्य पन्नास वेळा लिहून घेतलं, तेही वळणदार अक्षरात, कारण आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शिक्षासुद्धा सुंदर अक्षरात भोगावी लागायची. बाबा समोर बसून हसू दाबत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसू चहाबरोबर गिळून टाकलं.

नियम तसा लग्नापासूनच होता, माझ्या कपाळावरच्या आठीत. त्या दिवशी मी तो बोलून दाखवला, इतकंच. यार्डातली भाषा बुटांबरोबर दाराबाहेर राहील. बाबांनी वाद घातला नाही. दारात बसून बूट काढायचे, फडक्याने हात पुसायचे, आणि आपले शब्दही तिथेच ठेवून आत यायचं. मग घरात बोलायला त्यांच्याजवळ फारसं काही उरत नसे. 'हो', 'नको', 'मीठ दे', 'जरा पडतो'. मी माझ्या बहिणीला कौतुकाने सांगायचे, आमच्याकडे माणूस अबोल आहे, पण स्वभावाने सोनं. चाळीस वर्षं मी याच समजुतीत संसार केला.

आता एक कबुली देते. तू दर रविवारी फोनवर विचारतेस, "बाबा काही बोलले?" आणि मी म्हणते, "नाही गं, अजून नाही." हे खोटं आहे. गेले चार महिने खोटं आहे. बाबा बोलतात. तुझा फोन आला की मी बाहेरच्या खोलीत जाते आणि मधलं दार लोटून घेते, कारण त्यांचा आवाज तुला ऐकू जाऊ नये.

तू रजा काढून आठ दिवस आली होतीस तेव्हा ते हॉस्पिटलमधून नुकतेच घरी आलेले, उजवी बाजू निकामी आणि तोंडातून नुसता घोगरा आवाज. तुला स्टेशनवर सोडून मी परत आले. दार उघडलं तर त्यांची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या मागे होती. मागे कुणी नाही हे त्यांनी पाहिलं आणि स्वच्छ म्हणाले, "लाइट." पहिला शब्द! मी आनंदाने वेडी झाले आणि भर दुपारी घरातले सगळे दिवे लावले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

नंतर शब्द येत गेले, पण सगळे त्याच गावचे. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. मेंदूला मार बसला की रोजची भाषा पुसली जाते आणि एखादा कोपरा शाबूत राहतो. कुणाच्या प्रार्थना राहतात, कुणाच्या शिव्या. बाबांचं यार्ड राहिलं. पाणी, भूक, माझं नाव, तुझं नाव, सगळं गेलं. सकाळी उठवायला गेले की म्हणतात, "व्हॅक्यूम नाही." व्हॅक्यूम नसला की ब्रेक सुटत नाहीत आणि गाडी हलत नाही, हे मला पुढे कळलं. ताप चढला की, "एक्सल गरम." आणि मी, जिने आयुष्यभर शब्दकोश उशाशी ठेवला, ती त्यांच्या पलंगाशी अडाण्यासारखी उभी.

तुला का सांगितलं नाही? आधी लाज वाटली. समोरच्या वकीलबाई समाचाराला आल्या तेव्हा बाबा त्यांच्याकडे पाहून मोठ्याने काहीतरी बोलले, आणि मी म्हणाले, "वेदना होतात त्यांना, म्हणून ओरडतात." पुढे लाजेच्या जागी दुसरंच काही आलं. मला तुझा हेवा वाटू लागला. तू असतीस तर तुला पहिल्या दिवशी सगळं समजलं असतं. माझ्याच नवऱ्याचं बोलणं मला माझ्या मुलीकडून समजावून घ्यावं लागलं असतं. ते मला सोसणार नव्हतं. आई असले तरी मी आधी बायको झाले होते ना.

शेवटी मी डबलकोटला निरोप धाडला. तू त्याला ओळखत नाहीस. तू शिकायला बाहेर पडलीस त्यानंतर तो बाबांच्या इंजिनावर मदतनीस म्हणून आला. उन्हाळ्यातही दोन कोट घालतो, एक थंडीसाठी आणि दुसरा, त्याच्याच शब्दांत, 'पहिल्याला वारा लागू नये म्हणून'. तो दारात बूट काढून आत आला, खुर्ची पलंगाला लावली आणि म्हणाला, "काय उस्ताद, कुठं उभे आहात?" बाबा म्हणाले, "लूप." डबलकोट म्हणाला, "किती वेळ?" बाबांनी डाव्या हाताची चार बोटं वर केली. मी बघतच राहिले. त्यांना पडून तेव्हा बरोबर चार आठवडे झाले होते. महिनाभरात कुणाचं त्यांच्याशी झालेलं ते पहिलं संभाषण.

"वहिनी, रागावू नका," डबलकोट मला म्हणाला. "हे म्हणतायत, मला लूपला घातलंय. एक्स्प्रेस जायची असली की मालगाडी बाजूच्या रुळावर काढतात. मग एकामागून एक सगळे पुढं जातात आणि आपण नुसतं बघत बसायचं. तासन्‌तास. कुणी विचारत नाही, बाबा रे, जेवलास का." मला आठवलं, त्या महिन्यात किती माणसं येऊन गेली आणि सगळी त्यांच्या अंगावरून माझ्याशी बोलली. झोप लागते का त्यांना? पोट साफ होतं का? ते समोर पडलेले असताना. मीही तशीच बोलत होते.

मग मी भीत भीत 'लाइट'चं विचारलं. तो म्हणाला, "लाइट म्हणजे नुसतं इंजिन, मागं एकही डबा नाही. कधी म्हणाले?" मी सांगितलं, मुलीला सोडून आले त्या दिवशी. त्याने दोन्ही कोटांची बटणं एकदा उघडली, एकदा लावली. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले आणि गॅस न पेटवता तशीच उभी राहिले.

त्या दिवसापासून मी वही घातली. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, खाली तारीख आणि वेळ, आम्हाला सिस्टर शिकवायच्या तसं. डबलकोट मंगळवारी आणि शुक्रवारी येतो आणि मी त्याच्यापुढे शाळकरी मुलीसारखी वही उघडून बसते. त्याला वाटतं मी फार हुशार आहे. म्हणाला, "वहिनी, तुम्ही असिस्टंट म्हणून लागला असता तर मला नोकरीच मिळाली नसती."

एक प्रसंग तुला सांगितलाच पाहिजे. व्यायाम करून घेणारी मुलगी रोज येते, गोड आहे, पण तिच्यापुढे बाबा पाऊल उचलत नव्हते. धरून उभं केलं की उभे राहायचे आणि डावा हात पुढे करून म्हणायचे, "गोळा." आम्ही हातात काठी दिली, वाटी दिली, तिने रबराचा चेंडू दिला. चेंडू त्यांनी वास घेऊन टाकून दिला. तीन आठवडे असे गेले. ती रडकुंडीला आली. म्हणाली, पाय चालू शकतो, माणूसच चालत नाही. डबलकोटला सांगितलं तर तो कपाळावर हात मारून हसत सुटला. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून स्टेशनातल्या यंत्रातून एक लोखंडी गोळा निघतो. तो ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही, मग साक्षात मोठा साहेब येऊन ओरडो. आणि पुढच्या स्टेशनात पोचलं की तो तिथल्या यंत्रात जमा करायचा. "परवानगी मागतायत हो," तो म्हणाला. "पुढची लाइन मोकळी आहे असं कुणी सांगितल्याशिवाय उस्ताद कसे निघतील?" त्याने इकडेतिकडे पाहिलं, माझ्या विणकामाच्या टोपलीतला लोकरीचा निळा गुंडा उचलला, बाबांसमोर ताठ उभा राहिला आणि दोन्ही हातांनी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. बाबांनी तो छातीशी धरला आणि चालायला लागले. पिटुकली, पलंगापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं आहेत. अकराच्या अकरा चालले. खिडकीत मी पितळी डबा ठेवला होता, त्यात गुंडा टाकला आणि मगच खुर्चीत बसले. लोकरीचा धागा खोलीभर उलगडत गेला होता. व्यायामाची मुलगी टाळ्या वाजवत होती आणि डबलकोट तिला सांगत होता, "टाळ्या कसल्या, हिरवी झेंडी दाखवा!"

आता मी रोज सकाळी त्यांना गोळा देते. आधी एकदा खिडकीपर्यंत जाऊन वाट मोकळी आहे ना ते बघून येते. स्टूल, चपला, वर्तमानपत्र, सगळं उचलते. त्यांना फसवून चालायचं नाही.

माझं नाव त्यांच्या तोंडून जाऊन पाच महिने झाले. मला ते 'बँकर' म्हणतात. मी पाठीमागून काखेत हात घालून त्यांना बसतं करते तेव्हा म्हणतात. याचा अर्थ विचारायचा धीर मला बरेच दिवस झाला नाही. म्हटलं, आयुष्यभर ज्या माणसाचं तोंड बंद करत आले, तो मला काय म्हणत असेल कोण जाणे. शेवटी वही पुढे केली. डबलकोट वहीकडेच बघत म्हणाला, "चढावर एका इंजिनानं भागत नाही. मग मागून दुसरं इंजिन लावतात, ढकलायला. ते बँकर. पुढच्या ड्रायव्हरला ते दिसत नाही, पण ते आहे हे त्याला हाताखाली कळत असतं. नसलं तर गाडी मागं घसरते." मग म्हणाला, "उस्ताद लाइनवर तुमच्याबद्दल असंच म्हणायचे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. मला काहीच माहीत नव्हतं. डबलकोट सांगतो, बाबा बोलायला लागले की शेडमधली माणसं चहाचे पेले धरून त्यांच्याभोवती जमायची. साहेबांच्या नकला करायचे. स्टेशनमास्तरांना त्यांनी ठेवलेली नावं अजून यार्डात चालतात. एकदा म्हणे चार तास लूपला उभे असताना त्यांनी गाडीतल्या बावन्न वॅगनांची बावन्न नात्यांची गोष्ट रचून सांगितली, कोण कुणाची सासू, कुणाचं कुणाशी पटत नाही, आणि ती ऐकता ऐकता सिग्नल पडला तो कुणाच्या लक्षातच आला नाही. डबलकोट हसून हसून डोळे पुसत होता. मी म्हणाले, "कोणाबद्दल बोलताय तुम्ही?" त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

मला तो माणूस ऐकायचा होता गं. त्याच्याशी माझं लग्न झालं होतं. तो रोज माझ्या दारापर्यंत येत होता, बूट काढत होता, आणि मी त्याला बाहेर ठेवून दुसऱ्याच एका सभ्य, थकलेल्या गृहस्थाला आत घेऊन जेवायला वाढत होते. आता दुपारी ते झोपले की मी वही घेऊन खिडकीत बसते आणि शब्द मोठ्याने वाचते. लूप. लाइट. बँकर. गोळा. माझ्या तोंडात ते बसत नाहीत, उच्चार फार शुद्ध येतात. एकदा डोळे उघडून त्यांनी ऐकलं आणि अर्ध्या तोंडाने हसले. तेच ते हसू, त्या सकाळी गिळलेलं. या वेळी पुरतं हसले.

वहीत सगळे मिळून अडुसष्ट शब्द आहेत. त्यांपैकी एकाचा अर्थ कुणालाच लागत नव्हता. "अठरा डाउन." हे मात्र ते नुसतं म्हणत नाहीत, विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत दाराकडे बघत राहतात. डबलकोट म्हणाला, अशी गाडी मी चालवलेली नाही. निवृत्त यार्डमास्तर समाचाराला आले होते, त्यांना विचारलं. तेही चक्रावले. घरी जाऊन जुनी वेळापत्रकं चाळली आणि निरोप पाठवला, आपल्या सेक्शनला डाउन गाड्यांचे नंबर कायम विषम असायचे, त्यामुळे अठरा डाउन असूच शकत नाही, उस्तादांना भ्रम होतो आहे. मी ते वहीत लिहून टाकलं, 'भ्रम'. मग गेल्या आठवड्यात सहज तारखा बघत बसले होते. सोळा नोंदी. सोळाही शनिवारच्या. सगळ्या दुपारी बारा ते एकच्या मधल्या.

शनिवारी तुझी शाळा अर्धी असायची. शेडजवळच्या आपल्या क्वार्टरचा नंबर अठरा होता. बाबांची दिवसपाळी असली की मी डबा तुझ्या हातात द्यायचे आणि तू उतारावरून पळत खाली जायचीस. मी कधी तुझ्याबरोबर आले नाही; कोळशाने साडी खराब होते म्हणायचे. तिथे तुझ्या येण्याला काय नाव होतं, ते मला आज कळतं आहे. 'भ्रम' खोडून मी तिथे तुझं नाव लिहिलं, वळणदार अक्षरात. परवा शनिवारी त्यांनी पुन्हा विचारलं. आजवर मी म्हणत आले, "अशी गाडी नाही हो." या वेळी म्हणाले, "अठरा डाउन लेट आहे." त्यांनी मान हलवली आणि स्वस्थ पडून राहिले. लेट चालतं त्यांना. मालगाडीचा माणूस आहे.

आता हे पत्र का लिहिते ते सांगते. फोनवर मी पुन्हा 'सगळं ठीक आहे' म्हणून मोकळी होईन, याची मला खात्री आहे. मंगळवारी डॉक्टरांनी मेंदूचे नवीन फोटो दाखवले. दुसरा झटका येणार, कधी ते सांगता येत नाही, पण फार दूर नाही, आणि त्यात हा कोपराही राहणार नाही. शब्द गळायला लागलेच आहेत. या आठवड्यात जेमतेम वीस ऐकले. बाबांनाही कळलं असावं. शुक्रवारी डबलकोट आला तेव्हा त्यांनी कपाटाकडे बोट केलं आणि म्हणाले, "कापा." स्टेशन येईल तसे एकेक डबे कापून ठेवत जायचे, तसं. आम्ही एकेक वस्तू समोर धरली आणि ते कुणाची ते सांगत गेले, शब्दाने नाही तर खुणेने. लाल-हिरव्या काचेचा हातदिवा डबलकोटला. समासात साहेबांची चित्रं काढलेलं नियमांचं पुस्तक यार्डमास्तरांना, तेवढीच त्यांची करमणूक. ट्रान्झिस्टर व्यायामाच्या मुलीला. ड्यूटीचा लोकरी कोट डबलकोटने मागितला, तर त्यांनी ठामपणे मान हलवली आणि रेल्वे फाटकाच्या दिशेने बोट केलं. तो रात्रपाळीच्या गेटमनला द्यायचा, त्याच्याकडे एकही नाही. शब्दांची वही माझ्यानंतर तुझी. "आणि बँकरला?" डबलकोटने माझ्यादेखत विचारलं. बाबा बराच वेळ शब्द शोधत राहिले. सापडला नाही. मग डाव्या हाताने त्यांनी पलंगाची कड थोपटली, आणि मी तिथे बसले. शेवटी राहिलं मनगटावरचं घड्याळ. ते काढायला गेलो तर मूठ आवळून म्हणाले, "अठरा डाउन. हातात." तेव्हा बाकीचं सगळं मी वाटून टाकीन. घड्याळ तुला. ते पोस्टाने यायचं नाही.

तुझीच वाट बघणारी,
आई